अख्ख्या संस्थेसाठी एकच डेटाबेस करायचाय, आधी काय काय ठरवावं?

कचेरीतला

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे, वेळ काढून वाचा प्लीज.

मी एका शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात संगणकाचं काम बघतो. संस्था तालुक्याच्या गावची, नाव नको. प्राथमिक-माध्यमिक मिळून नऊ शाळा, दोन ज्युनिअर कॉलेजं आणि मुलींचं एक वसतिगृह. काही शाळा अनुदानित, काही स्वयंअर्थसहाय्यित. आत्ता प्रत्येक शाळेतला क्लार्क आपापल्या एक्सेलमध्ये काम करतो, एका शाळेत नव्वदच्या दशकातला फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसचा प्रोग्राम अजून चालू आहे, वसतिगृहाचं सगळं वहीत आणि फीचा हिशोब टॅलीत. सचिवांनी मध्यंतरी साधं विचारलं की संस्थेत एकूण मुली किती, तर आमचा आकडा वेगळा, शाळांचा वेगळा, सरकारी पोर्टलवरचा तिसराच. आणि तिघांपैकी चुकतंय कोण हेही सांगता येईना. तेव्हापासून ठरलंय की सगळं एका जागी आलं पाहिजे.

ईआरपीवाले, म्हणजे संस्थेचं सगळं काम एकत्र चालवणारं तयार सॉफ्टवेअर विकणारे, डेमो देऊन गेले. स्क्रीन छान, डॅशबोर्ड छान. मी एकच विचारलं, आमच्या प्राथमिकला चौथी झालेली मुलगी पाचवीला आमच्याच हायस्कूलला येते, मग ती तुमच्याकडे एक मुलगी की दोन? एकाने "कस्टमायझेशन करून देऊ" म्हटलं, बाकीच्यांनी विषय बदलला. म्हणून इथे विचारतोय. सॉफ्टवेअर विकत घेऊ किंवा करून घेऊ ते नंतर बघू, पण त्याआधी कागदावर आम्ही काय काय पक्कं करायला हवं?

एसक्यूएलवाला

तुम्ही वेंडरला विचारलेला प्रश्न हाच सगळ्याचा पाया आहे, त्यामुळे तिथूनच सुरू करू.

"विद्यार्थी" नावाचं एक भलंमोठं टेबल, त्यात नाव, इयत्ता, तुकडी, फी, वसतिगृहाची खोली, असं करू नका. माणूस वेगळा आणि त्याचा संस्थेशी असलेला संबंध वेगळा. व्यक्तीच्या टेबलात फक्त तिचं स्वतःचं असतं ते: नाव, जन्मतारीख, आईवडील. मग प्रवेशाचं टेबल वेगळं, त्यात कुठली व्यक्ती, कुठल्या शाळेत, कुठल्या तारखेला दाखल, रजिस्टर नंबर किती, शाळा कधी सोडली. तुमची ती मुलगी व्यक्ती म्हणून एकदाच आणि प्रवेश म्हणून दोनदा. उद्या तीच तुमच्याकडे शिक्षिका म्हणून लागली तर नेमणुकीच्या टेबलात एक ओळ वाढेल, आणखी दहा वर्षांनी तिचा मुलगा पहिलीत आला तर पालकाच्या नात्याने एक ओळ. तालुक्याच्या संस्थेत हे सर्रास होतं. एकच माणूस माजी विद्यार्थी, पालक, देणगीदार आणि संस्थेचा सभासद, आणि चार याद्यांत चार वेगळे मोबाइल नंबर.

दुसरं, व्यक्तीचा क्रमांक तुमचा स्वतःचा आणि अर्थहीन ठेवा, नुसता चढता आकडा. रजिस्टर नंबर प्रत्येक शाळेत १ पासून सुरू होतो, तो सगळ्या संस्थेत एकमेव नाही. आधार प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) म्हणून अजिबात नको, काही मुलांचं प्रवेशाच्या वेळी नसतं, चुकीचं लिहिलं जातं, आणि तो नंबर दहा टेबलांत पसरला की सांभाळणं अवघड. सरकारी पोर्टलच्या नंबरांचंही तेच. राज्याचं सरल पोर्टल २०१५ ला आलं तेव्हा त्याचा स्टुडंट आयडी, मग केंद्राच्या युडायस प्लस पोर्टलचा पेन हा क्रमांक, आता १२ आकडी अपार आयडी. प्रत्येक वेळी टेबलाला नवा कॉलम जोडत बसण्यापेक्षा बाहेरच्या क्रमांकांचं एक वेगळं टेबल करा: व्यक्ती, कुठला क्रमांक, किती. उद्या चौथा आला तरी डिझाइनला हात लावावा लागणार नाही.

आणि हे सगळे लांब क्रमांक टेक्स्ट म्हणूनच साठवा. एक्सेल १५ अंकांच्या पुढचं सगळं शून्य करून टाकतं. सरलचा आयडी त्याहून लांब आहे, म्हणजे शेवटचे आकडे, ज्यावर दोन मुलं वेगळी ठरतात, तेच उडतात. शाळांकडून एक्सेल गोळा करायच्या आधी कॉलमचा फॉरमॅट तपासा, एकदा सेव्ह झालेली फाइल परत मिळत नाही.

घाटावरची

वरच्या सगळ्याशी सहमत, पण एक शंका. मुख्य कार्यालयात संगणकाचं काम बघणारा एक माणूस असेल तर हे सगळं बांधून सांभाळणार कोण? मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात अकाउंट्सला होते, तिथे एका हुशार मुलाने फार सुंदर सिस्टिम केली होती, तो पुण्याला नोकरीला गेला आणि पासवर्डपासून सगळं अडलं. संस्थेला तयार ईआरपीच बरं पडतं असं मला वाटतं, निदान फोन करायला कोणीतरी असतं.

एसक्यूएलवाला

घाटावरची, घ्या की तयार, माझा विरोध नाही. पण घेण्याआधी करारात लिहून घ्या की सगळी टेबलं, प्रत्येक कॉलमचा अर्थ लिहिलेल्या यादीसकट, मागू तेव्हा साध्या सीएसव्हीत (कुठेही उघडणारी टेक्स्ट फाइल) मिळतील आणि दर आठवड्याचा बॅकअप संस्थेच्या ताब्यात येईल. रिपोर्टची पीडीएफ म्हणजे एक्स्पोर्ट नव्हे, हे डेमोलाच बोलून घ्या. जो याला का-कू करतो त्याच्याकडे सही करू नका. आणि कचेरीतला यांनी वर म्हटलंय तेच खरं, विकत घ्या किंवा बांधा, कागदावरचा आराखडा संस्थेचाच असला पाहिजे, नाहीतर वेंडर बदलला की संस्थेची माहिती कशी मांडायची हेही बदलतं.

दप्तरी

मी माध्यमिक शाळेत लिपिक म्हणून लागलो आणि मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. कॉम्प्युटरचं फार कळत नाही पण रजिस्टरचं कळतं, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

तुम्ही सगळे विद्यार्थ्याची माहिती म्हणताय, पण शाळेत सगळ्यात मोठा दस्तऐवज जनरल रजिस्टर आहे. रजिस्टर नंबर, संपूर्ण नाव, आईचं नाव, धर्म-जात, जन्मठिकाण, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल दिनांक, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक, कारण, शेरा. दाखला याच्यावरूनच निघतो आणि दाखल्यावर रजिस्टरपेक्षा एक अक्षर वेगळं चालत नाही. मुलगा शाळा सोडून गेल्यावर त्यातली जन्मतारीख किंवा नाव मुख्याध्यापकालासुद्धा मनाने दुरुस्त करता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. दुरुस्ती झाली तरी जुनं खोडायचं नाही, लाल शाईने आडवी रेघ मारून वर नवीन लिहायचं आणि शेऱ्यात आदेशाचा जावक क्रमांक, तारीख, सही.

आता मला सांगा, कॉम्प्युटरमध्ये क्लार्कने "एडिट" दाबून "सेव्ह" केलं तर ती लाल रेघ कुठे गेली?

आणि हे नुसतं नियमापुरतं नाही. जात पडताळणीला लोक जुने पुरावे मागायला येतात. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आजोबांच्या पहिलीच्या नोंदीवर नातवाचं मेडिकलचं अ‍ॅडमिशन अवलंबून असतं. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा गावोगावच्या शाळांची जुनी रजिस्टरं बाहेर काढावी लागली, मोडीतली पानं वाचायला जाणकार शोधावे लागले. अशा पानावर "कु." लिहिलेलं असेल तर "कु." असंच टाइप झालं पाहिजे. टाइप करणाऱ्या पोराने समजून उमजून "कुणबी" लिहिलं तरी ते चूकच, कारण रजिस्टरमध्ये ते नाही. अर्थ काय लावायचा ते समिती ठरवेल.

कचेरीतला

दप्तरी काका, खूप आभार. हे आमच्या एकाही डेमोत आलं नव्हतं. आमची सगळ्यात जुनी शाळा स्वातंत्र्याच्या आधीची आहे, तिची पहिली रजिस्टरं मोडीतच आहेत आणि पानं हात लावला की तुटतात.

मग एसक्यूएलवाला, व्यक्तीच्या टेबलात नाव एकदाच ठेवायचं म्हणता, आणि काका म्हणतात रजिस्टरमध्ये जसं तसं. प्राथमिकच्या रजिस्टरला "विठाबाई" आणि हायस्कूलच्या रजिस्टरला "विठ्ठाबाई" असेल तर? दोन्ही दाखले तर खरेच आहेत.

एसक्यूएलवाला

काकांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि त्याने डिझाइन सुधारतंय. नोंद वेगळी, व्यक्ती वेगळी. प्रवेशाच्या ओळीत "रजिस्टरप्रमाणे नाव", "रजिस्टरप्रमाणे जन्मतारीख" असे कॉलम, अक्षर न अक्षर तसंच, आणि ते एकदा तपासून कुलूप लावलं की कोणालाच एडिट करता येणार नाहीत. दुरुस्ती हे वेगळं टेबल: कुठली नोंद, कुठला रकाना, आधी काय, आता काय, आदेश क्रमांक, तारीख, कोणी घातली. दाखला छापताना मूळ नोंद अधिक दुरुस्त्या. म्हणजे लाल रेघ राहिली.

व्यक्तीच्या टेबलातलं नाव फक्त शोधायला आणि रोजच्या वापराला. विठाबाई आणि विठ्ठाबाई एकच व्यक्ती आहे हे कॉम्प्युटरने आपोआप ठरवायचं नाही. नाव, जन्मतारीख, आईचं नाव जुळतंय असं दिसलं तर त्याने फक्त सुचवावं, जोडायचं काम क्लार्कने रजिस्टर समोर ठेवून करावं आणि कोणी जोडलं त्याची नोंद राहावी. चुकून जोडलेलं सोडवताही आलं पाहिजे. जुळ्या भावंडांचं काय होतं बघा, आई तीच, तारीख तीच, आडनाव तेच, नावं रमेश आणि राजेश. आपोआप जोडणाऱ्या सिस्टिमने एक पोरगं गायब केलेलं मी पाहिलंय.

नावाचे भागही वेगळे ठेवा: स्वतःचं, आईचं, वडिलांचं, आडनाव. २०२४ च्या निर्णयाप्रमाणे १ मे २०१४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांवर आधी नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आधीच्यांचा क्रम वेगळा. भाग वेगळे असतील तर कुठल्याही क्रमाने छापता येतात, एकाच कॉलममध्ये कोंबलेलं असेल तर सुटं करताना रडकुंडीला येता.

कानामात्रा

नावांचा विषय निघालाय म्हणून मराठी टायपिंगबद्दल. हे कोणी आधी सांगत नाही आणि मग डुप्लिकेट का येतात म्हणून लोक डोकं धरतात.

कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे ही आडनावं घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखं दिसतं, प्रिंटमध्येही सारखं, पण डेटाबेसच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं. एका क्लार्कचा कीबोर्ड इन्स्क्रिप्ट, दुसरा फोनेटिक वापरतो, की झालं, शोधल्यावर अर्धे कुऱ्हाडे सापडतात. त्यामुळे शोधण्यासाठी एक वेगळा कॉलम ठेवा ज्यात हे सगळं एकाच रूपात आणलेलं असेल, न दिसणारी अक्षरं काढलेली, जादा स्पेस काढलेल्या, हवं तर ऱ्हस्व-दीर्घसुद्धा एक केलेलं. माणसाला दाखवायचं नाव मात्र जसं टाइप केलं तसंच.

फॉक्सप्रोवाल्या शाळेचा डेटा बहुतेक युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असेल. तिथे मराठी अक्षरांच्या जागी आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फॉन्ट काढला की गिचमिड. कन्व्हर्टर मिळतात पण आधी तो फॉन्ट नक्की कुठला ते शोधा, प्रत्येकाचा तक्ता वेगळा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांत सगळ्यात जास्त गडबड होते कारण जुन्या फॉन्टमध्ये ती दिसण्याच्या क्रमाने साठवतात, उच्चाराच्या क्रमाने नाही. कन्व्हर्ट झाल्यावर "वर्षा", "किर्ती", "शर्मिला" अशी नावं हाताने तपासा.

आणि ओरॅकलचा डेटाबेस असेल तर कॉलमची लांबी बाइटमध्ये आहे की अक्षरांत ते बघून घ्या. युटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटी धरून. ३० बाइटच्या कॉलममध्ये १० चिन्हं, "श्रीकृष्ण" लिहिलं की जवळपास भरला.

पाचवी_ब

मी शिक्षिका आहे, माझा अनुभव आकड्यांबद्दल. वर सचिवांनी मुली किती विचारल्यावर तीन आकडे आले ते वाचलं. आमच्याकडेही हेच होतं आणि कारण साधं आहे, प्रत्येकाने वेगळ्या दिवशीचा आकडा दिलेला असतो. संचमान्यतेला ३० सप्टेंबरचा पट धरतात, त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. ऑक्टोबरात ऊसतोडीला आईबापांबरोबर मुलं गेली की वर्गातला आकडा खाली, रजिस्टरला मात्र नाव चालूच. मग वर्गशिक्षिका एक सांगते, ऑफिस दुसरं, आणि दोघी बरोबर असतात.

तर माझं म्हणणं, सिस्टिमला "आज किती" एवढंच विचारता येऊन उपयोग नाही, "त्या तारखेला किती" हे विचारता आलं पाहिजे. आणि पटावर असणं आणि वर्गात हजर असणं हे दोन वेगळे आकडे ठेवा, नाहीतर स्थलांतर करणारी पोरं कागदावर दिसतच नाहीत आणि त्यांच्यासाठी कोणी काही करत नाही. हे मला फार लागतं.

एसक्यूएलवाला

ताई, फार मोलाचं सांगितलंत. यासाठीच इयत्ता-तुकडी व्यक्तीच्या ओळीत नको. "या तारखेपासून या तारखेपर्यंत या तुकडीत" अशी ओळ असली की कुठल्याही दिवसाचा पट काढता येतो. नेमणुका, पदोन्नती, वसतिगृहाची खोली, सगळ्याला हाच नियम.

कार्यकारिणीला तर दोन तारखा लागतील. विश्वस्त निवडून आले ती तारीख आणि धर्मादाय कार्यालयाने बदल अर्ज मंजूर करून परिशिष्ट १ वर, म्हणजे त्यांच्याकडच्या विश्वस्तांच्या नोंदीत, नाव चढवलं ती तारीख. मधल्या काळात प्रत्यक्षात एक मंडळ, कागदावर दुसरं. बँकेत सह्या कोणाच्या हा वाद तिथेच होतो.

कचेरीतला

आत्तापर्यंतचं वाचून मी एक गोष्ट करायला घेतली आहे. टेबलं काढायच्या आधी नुसता तक्ता: डावीकडे माहितीची बाब, उजवीकडे तिचा मालक कोण. म्हणजे खरी नोंद कुठली आणि ती बदलायचा अधिकार कोणाला. रजिस्टरची नोंद शाळेच्या मुख्याध्यापकांची. पत्ता आणि मोबाइल शाळेच्या क्लार्कचा, वसतिगृहाने फक्त बघायचा. अनुदानित शिक्षकांचा पगार शालार्थ या सरकारी पगार प्रणालीचा, आमच्याकडे त्याची नक्कल. विनाअनुदानितचा पगार मात्र आमचाच. फीचं येणं डेटाबेसमध्ये, पण जमाखर्च टॅलीतच राहणार, रोज एकूण रकमेचं व्हाउचर तिकडे जाईल.

गंमत अशी की तांत्रिक असं यात काहीच नाही पण सगळ्यात जास्त चर्चा यावरच होतेय. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला यांची माहिती कोणाची यावर कोणीच हात वर केला नाही, शिष्यवृत्तीवाले म्हणतात शाळेची, शाळा म्हणते शिष्यवृत्तीवाल्यांची.

घाटावरची

मग तिथेच तुमचा डेटा खराब असणार हे आत्ताच लिहून ठेवा. ज्याला मालक नाही ती माहिती कोणी अपडेट करत नाही, हॉस्पिटलातही तेच होतं. मी माझा आधीचा मुद्दा थोडा बदलते, तयार सॉफ्टवेअर घ्या पण हा तक्ता अध्यक्षांच्या सहीने ठराव करूनच घ्या.

आणि जात, उत्पन्न, अपंगत्व, आजारपण ही माहिती कोण बघू शकतं ते वेगळं ठरवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची सगळी मुलं बालक धरली आहेत, त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. त्यामुळे प्रवेशअर्जातच कशासाठी कुठली माहिती घेतोय ते साध्या मराठीत छापा. आज वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातीच्या कॉलमसकट याद्या फिरतात, पोरं एकमेकांच्या याद्या वाचतात, ते थांबलंच पाहिजे. ही माहिती वेगळ्या टेबलात, वेगळ्या परवानगीने, आणि कोणी कधी उघडली त्याची नोंद.

कानामात्रा

+१. आणि बॅकअप घेतो म्हणणाऱ्याला परत चढवून दाखव म्हणा. वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून, एका शाळेचा पट काढून, रजिस्टरशी ताडून. दर सहामाहीला.

कचेरीतला

करतो. सुरुवात एकाच शाळेपासून करावी का? आणि जुनी रजिस्टरं टाइप करायची की नुसती स्कॅन? एकेक शाळेची हजारो नावं आहेत.

एसक्यूएलवाला

दोन शाळा घ्या, एक प्राथमिक आणि तिच्यातून जिथे मुलं जातात ते हायस्कूल. एकाच शाळेवर चाचणी घेतली तर "एक व्यक्ती, दोन प्रवेश" याची परीक्षाच होणार नाही. जूनला प्रवेश सुरू व्हायच्या आत चालू मुलं भरून घ्या, मागचं सावकाश.

जुन्या रजिस्टरांचं सगळं टाइप करू नका. प्रत्येक पानाचा स्कॅन, आणि शोधण्यापुरतं रजिस्टर नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, दाखल वर्ष एवढंच. बाकी पान उघडून माणूस वाचेल. १९०० च्या आधीच्या जन्मतारखा एक्सेलमध्ये टाइप करायला देऊ नका, त्याची तारीखच १ जानेवारी १९०० पासून सुरू होते, आधीचं नुसतं टेक्स्ट होऊन बसतं आणि क्रम लागत नाही.

दप्तरी

स्कॅनबद्दल एक. शेऱ्याचा रकाना पानाच्या शेवटी असतो, बांधणीत अर्धा आत जातो आणि स्कॅन करणारा घाईत तो कापतो. दुरुस्तीचे आदेश, डुप्लिकेट दाखला दिल्याची नोंद, सगळं तिथेच असतं. रजिस्टर सपाट दाबू नका, पाठ मोडेल, वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या आणि दोन्ही पानं एकत्र घ्या कारण एका मुलाची ओळ दोन पानांवर जाते. मोडीतली रजिस्टरं शेवटी ठेवू नका, आधी तीच घ्या, तीच सगळ्यात आधी जातील. तुमचा जिल्हा कुठला ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मोडी वाचणारे दोघं माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना विचारून बघतो.